वगळायची यादी

तिने घरातलं एखादं कपाट आवरायला काढलं, की सासूबाई आपली कापडी पिशवी उचलून गुपचूप शेजारणीकडे ठेवून यायच्या. पिशवीत असं काय मोठं धन होतं? तुटक्या चष्म्याची काडी, एकुलता एक मोजा, चार बटणं आणि औषधाचं रिकामं खोकं. "टाकाऊ नाही गं ते," सासूबाई म्हणायच्या, "तुला त्याचा उपयोग ठाऊक नाही, एवढंच." एकदा खिडकीच्या चौकटीत पडलेला लाकडाचा तुकडा तिने कचरा समजून फेकला आणि त्याच संध्याकाळी वाऱ्याने खिडकी धाडकन आपटून काच फुटली. तो तुकडा बिचारा वीस वर्षं खिडकी अडवून धरायची नोकरी करत होता. सासूबाईंनी आदळआपट केली नाही. काचा वेचता वेचता एवढंच म्हणाल्या, "टाकायच्या आधी विचारावं गं माणसाने. विचारायला काय जातंय?"

हे वाक्य तिने एका कानाने ऐकलं आणि दुसऱ्या कानाने सोडून दिलं. आवराआवर करणाऱ्या माणसांचं असंच असतं. त्यांना मोकळी जागा दिसते, माणूस दिसत नाही.

कामावर तिचं नाव चाळणी पडलं होतं. तोंडावर सगळे 'ताई' म्हणत, पाठीमागे 'चाळणी'. तिलाही ते ठाऊक होतं आणि मनातून थोडं आवडतही होतं. बेचाळिशीची, सडसडीत. ती उंच टेबलाशी उभी राहून काम करायची, कारण बसलं की सुस्ती येते असं तिचं मत होतं. अकरा वर्षांत तिला खुर्चीवर टेकलेलं फारसं कुणी पाहिलं नव्हतं. संध्याकाळी घरी जाताना ती जिना कठड्याला धरून उतरायची, आणि कुणी विचारलं तर "काही नाही, सवय आहे" म्हणायची.

कारखाना म्हणजे छापखान्याच्या वरच्या मजल्यावरच्या तीन खोल्या आणि एक पोटमाळा. ज्यांच्या पायांना बाजारातले बूट चालत नाहीत, अशांसाठी तिथे बूट बनायचे. कुणाचा एक पाय आखूड, कुणाचं पाऊल आत वळलेलं, कुणाची दोन बोटं अपघातात गेलेली. पुढच्या खोलीत गिऱ्हाईक काचेवर पाऊल ठेवायचं आणि स्कॅनर पायाचा आकार टिपायचा. मधल्या खोलीत चाळणीने लिहिलेला प्रोग्राम त्या आकारावरून कलबूत ठरवायचा. कलबूत म्हणजे पायाच्या आकाराचा ठोकळा, त्याच्यावर चामडं ताणून बूट शिवतात. प्रोग्राम शेवटी आकड्यांची एक लांबलचक फाइल काढायचा, हजारो ओळींची. तिला सगळे कोरणीची फाइल म्हणत. ती मागच्या खोलीतल्या यंत्राला दिली, की यंत्र घूं घूं करत कडक फोममधून कलबूत कोरून काढायचं.

मागच्या खोलीत राज्य मास्तरांचं. यंत्र यायच्या आधी बावीस वर्षं ते हाताने लाकडी कलबूतं तासत होते. यंत्र आल्यावर मालकीणबाईंनी त्यांना सोडलं नाही, यंत्राशेजारी एक स्टूल दिलं. फाइल चढवायची, ठोकळा बसवायचा, कोरून झालं की अंगठा फिरवून बघायचा, हे त्यांचं काम. मास्तर बोलायचे कमी. चहा मात्र मोजून चार वेळा घ्यायचे आणि प्रत्येक वेळी "हा शेवटचा" म्हणायचे. महिनाअखेरीला ते काम सोडून दूर मुलीकडे राहायला जाणार होते, कायमचे.

त्यांच्या जागी नवं माणूस यायचं होतं, चाळणीच्या हाताखालीही एक मुलगी यायची होती. तेव्हा मालकीणबाई म्हणाल्या, आता हा फाइलींचा पसारा एकदाचा मार्गी लावा. पसारा होताच. अकरा वर्षांच्या फोल्डरांची नावं 'नवीन', 'नवीन दोन', 'शेवटचं', 'खरंच शेवटचं' आणि 'हेच घ्या' अशी होती. 'खरंच शेवटचं'मध्ये मालकीणबाईंच्या सहलीचे नव्वद फोटो निघाले आणि कुणाचा तरी पत्त्यांचा खेळही. चाळणीच्या अंगात उत्साह संचारला. तिने ठरवलं, सगळं व्हर्जन कंट्रोलमध्ये घालायचं.

व्हर्जन कंट्रोल म्हणजे फाइलींची स्मरणशक्ती म्हणा. कोणत्या फाइलीत काय बदललं, कुणी, केव्हा आणि कशासाठी, हे सगळं त्यात राहतं. हवं तेव्हा मागे जाऊन कालचं, परवाचं, पाच वर्षांपूर्वीचंही परत काढता येतं. पण त्यात काय घालायचं हे आधी ठरवावं लागतं. सगळंच कोंबलं तर हवं ते सापडत नाही, म्हणून वगळायच्या फाइलींची एक यादी करतात. ही यादी करायला चाळणीइतकं लायक माणूस शोधून सापडलं नसतं. तिने एका कागदावर जाड अक्षरात नियम लिहिला आणि भिंतीला चिकटवला: 'माणसाने लिहिलेलं आत. यंत्राने काढलेलं बाहेर.'

नियमात खोट नव्हती, हे मी तिच्या बाजूने सांगतो. शहाणी माणसं तेच करतात. जे यंत्र बटण दाबल्यावर पुन्हा काढून देईल ते जपायचं कशाला? म्हणून प्रोग्राम आत, पायांचे स्कॅन आत. पासवर्डांची फाइल बाहेर, तात्पुरत्या फाइली बाहेर, सहलीचे फोटो तर बाहेरच. आणि कोरणीच्या चारशे बारा फाइली? स्कॅन आहे, प्रोग्राम आहे, बटण दाबलं की झालं. बाहेर. तिने त्या नुसत्या वगळल्या नाहीत, पुसून टाकल्या. नव्या संगणकावर त्या नेल्याच नाहीत, जुना संगणक साफ करून खालच्या छापखान्याला देऊन टाकला, राखीव प्रतीची डिस्कसुद्धा नव्याने भरून घेतली. त्याच झपाट्यात पोटमाळ्यावरची वापरलेली कलबूतंही काढायला सांगितली. खिळ्यांनी भोकं पडलेली, गोंदाने माखलेली, पुन्हा बूट चढवायच्या कामाची नसलेली ती कलबूतं मास्तर उगाच पोत्यांत भरून ठेवत.

"मास्तरांना विचारलंस का?" मालकीणबाईंनी जाता जाता विचारलं.

"फाइलींचं मास्तरांना काय विचारायचं?" ती म्हणाली.

मास्तर तेव्हा रजेवर होते, मुलीकडची खोली बघायला गेले होते. ते नसताना भंगारवाला येऊन पोत्यांची एक खेप घेऊन गेला. आणि ते नसतानाच टपालवाल्या बाईंचा नवा जोड तयार झाला. या बाई घरोघर टपाल वाटायच्या. डावा पाय आखूड, घोटा ताठ, पण कामाला वाघीण. दरवर्षी एक जोड झिजवून त्या तसाच दुसरा मागायच्या. चाळणीने बटण दाबलं, यंत्राने कोरलं, शिवणाऱ्यांनी शिवलं.

पाचव्या दिवशी बाई परत आल्या. घरच्या चपला पायात, बूट पिशवीत, करंगळीला पट्टी.

"ताई, हे माझे नाहीत," त्या म्हणाल्या. "डबा माझा आहे, नंबर माझा आहे, पण बूट दुसऱ्या कुणाचे आलेत. चार दिवस कशीबशी फिरले. आज साहेब म्हणाले, चालता येत नसेल तर आत बसून शिक्के मारा. मला नाही हो बसवत आत."

मास्तर त्याच सकाळी रजेवरून आले होते. त्यांनी बूट हातात घेतला, आत अंगठा घातला आणि थांबले. मग उठून यंत्राला जोडलेल्या नव्या संगणकाशी गेले, भिंगाचा चष्मा लावला, फाइल उघडली आणि बराच वेळ आकड्यांकडे बघत राहिले. चाळणीला नवल वाटलं. ही फाइल उघडून वाचणारा माणूस तिने कधी पाहिला नव्हता. तो वाचायचा मजकूरच नव्हता.

"ताई," मास्तर म्हणाले, "ही फाइल माझी नाही."

"तुमची कशी असेल? ती प्रोग्राम काढतो."

"काढतो. मग मी तिच्यात हात घालतो." मास्तरांनी मान खाली घातली. "पहिलं कलबूत कोरायचं, माणसाला कच्चा बूट घालून चार पावलं चालवायचं, कुठे चावतो ते बघायचं. मग या ओळींतले आकडे बदलायचे. इथून पुढच्या ओळी करंगळीच्या. इथे टाच. वर्षभर लागलं मला कुठली ओळ कुठे जाते ते कळायला. जेवणाच्या सुट्टीत करायचो."

"पण मला का नाही सांगितलंत? प्रोग्राममध्येच सोय करून दिली असती!"

"सांगितलं होतं की. आठ वर्षं झाली. म्हटलं, ताई, इथे दोन मिलिमीटर वाढवायची काही सोय होईल का? तुम्ही म्हणालात, मास्तर, तुम्ही याला हात लावू नका, हे हाताचं काम राहिलं नाही आता. चारचौघांत म्हणालात. मग मी पुन्हा विचारलं नाही."

तिला ते आठवेना. कितीही डोकं खाजवलं तरी आठवेना. मास्तरांना मात्र शब्द न् शब्द पाठ होता. बोलणारा विसरतो, ज्याला लागतं तो विसरत नाही.

"किती फाइलींमध्ये असं केलं होतंत?" तिने विचारलं.

"सगळ्याच. कुणाला एक मिलिमीटर, कुणाला चार. चारशे बारा." मग चष्मा काढत मास्तरांनी विचारलं, "जुन्या आहेत ना कुठेतरी?"

नव्हत्या. ती धावत छापखान्यात गेली. तिथल्या माणसाने त्या संगणकात पत्रिका आणि हँडबिलं ठासून भरली होती. दोन दिवस खटपट करून नऊ फाइली हाती लागल्या, त्यातल्या सहा अर्ध्यामुर्ध्या. व्हर्जन कंट्रोल काहीही विसरत नाही अशी त्याची ख्याती, पण जे कधी आत आलंच नाही ते त्याने आठवायचं तरी कसं? मास्तरांना जायला तेवीस दिवस उरले होते. त्यांच्याबरोबर चारशे बारा माणसांचं चालणं जाणार होतं, आणि ते तिने स्वतःच्या हाताने पुसलं होतं.

तिला सगळ्यात जास्त कशाने लागलं असेल, तर मास्तर ओरडले नाहीत याने. ओरडले असते तर तिने चार उत्तरं दिली असती. ते नुसते स्टुलावर बसून राहिले. त्या दिवशी ते चौथा चहा प्यायलेच नाहीत.

घरी तिने सासूबाईंना सगळं सांगितलं. नवऱ्याला सांगायच्या आधी सासूला सांगणारी सून विरळाच, पण या बाबतीत जाणकार त्याच होत्या. सांगता सांगता तिला रडू फुटलं.

सासूबाईंनी ऐकून घेतलं. 'मी म्हणत नव्हते?' हे वाक्य त्यांच्या ओठांवर आलं असणार, पण त्यांनी ते गिळलं. म्हणाल्या, "त्या खिडकीचं आठवतंय? लाकूड तर गेलं. पण वीस वर्षं दाबून दाबून चौकटीला त्याची खाच पडली होती. काच बसवली तेव्हा मी त्या खाचेचं माप घेऊन दुसरा तुकडा कापून घेतला. तोच आहे आता तिथे. तुझ्या लक्षात नाही आलं."

तिने वळून पाहिलं. खिडकीत तुकडा होता. मग ती ताडकन उठून उभी राहिली. फाइली गेल्या, पण त्या फाइलींनी कोरलेलं काय काय होतं? काखेत कळसा आणि गावाला वळसा! पोटमाळ्यावरची पोती!

दुसऱ्या दिवशी भंगारवाला उरलेली खेप न्यायला यायचा होता. सकाळी कारखाना उघडायच्या आधीच ती दारात उभी होती. त्याला तिने दारातूनच परत पाठवलं, वर चढली आणि पोती मोजली. गेलेल्या खेपेत एकशे त्र्याहत्तर माणसांची कलबूतं गेली होती. सुक्याबरोबर ओलंही जळतं, ते असं. पण दोनशे एकोणचाळीस जणांची होती. खिळ्यांची भोकं होती, गोंद होता, पण आकार शाबूत होता आणि तो मास्तरांच्या हातचा होता.

मग कारखान्यात उलटं काम सुरू झालं. पायांऐवजी कलबूतं स्कॅनरच्या काचेवर चढू लागली. चाळणीने प्रोग्रामला शिकवलं: एकीकडे तू काढलेला आकार, दुसरीकडे मास्तरांचं कलबूत, दोन्हींतला फरक सांग. फरक पडद्यावर लाल ठिपक्यांत दिसायचा. इथे दोन मिलिमीटर जास्त, तिथे एक कमी. पहिला फरक बघून तिला हायसं वाटलं, पण मास्तरांनी मान हलवली.

"कुठे ते कळलं. का ते कुठे कळलं? पाय बदलतो, ताई. पुढच्या वर्षी हा माणूस आला, तर नव्या माणसाला का ते ठाऊक पाहिजे. नाहीतर तो माझी चूक समजून पुसून टाकेल."

तिने खालमानेने ऐकलं. मग प्रत्येक पायासाठी एक छोटी फाइल केली: कुठे, किती, आणि का. तिच्या टेबलाशेजारी मास्तरांचं स्टूल आलं. मास्तर कलबूत हातात घेत, अंगठा फिरवत आणि सांगत. ती लिहून घेई.

"हे शिक्षक. फळ्यावर उंच लिहायची सवय, चवड्यांवर उभे राहतात. पुढे जागा द्या."

"हा आचारी. दिवसभर उजव्या पायावर रेलतो. डावा पाय नुसता शोभेला."

"या आजी. आजोबांचा हात धरून चालायच्या. आजोबा गेले, आता काठी आहे. भार सगळा डावीकडे आला."

अकरा वर्षं ती हे पाय आकड्यांनी ओळखत होती. आता तिला ती माणसं चालताना दिसू लागली. कधी कधी तिचे हात थांबत आणि मास्तर विचारत, "लिहिलंत ना?"

टपालवाल्या बाईंचा नंबर पहिल्याच दिवशी लावला. कारण लिहिलं: 'पिशवी उजव्या खांद्यावर. चढावर बोटं पुढे सरकतात. करंगळीला जागा.' नवा जोड घालून बाई जिना उतरल्या, चढल्या, पुन्हा उतरल्या, आणि खालूनच ओरडल्या, "आता माझे!" तिसऱ्या दिवशी त्या टपाल घेऊन कारखान्याच्याच दारात आल्या. सही घेताना पाय पुढे करून दाखवला.

ज्यांची कलबूतं गेली होती त्यांना चाळणीने स्वतः फोन केले. 'आमची चूक झाली आहे, मास्तर जायच्या आत एकदा पाय दाखवून जा.' हे वाक्य शंभरावर वेळा म्हणणं सोपं नसतं. कुणी चिडलं, कुणी हसलं, बरेच जण आले. जिन्यावर छापखान्यापर्यंत रांग लागायची. मास्तर प्रत्येकाला चार पावलं चालायला लावत. तरी सगळे जमले नाहीत. कुणी गाव सोडलं होतं, कुणाचा फोन बदलला होता. शेवटच्या दिवशी अडतीस जण उरलेच. त्या अडतीस फाइलींत तिने लिहिलं: 'माहिती गेली. आल्यावर आधी चालवून बघा.'

भिंतीवरचा कागद तिने काढला नाही. खाली एक ओळ वाढवली: 'कुणी काढलं हे विचारल्याशिवाय ठरवू नये.'

शेवटच्या दुपारी सगळ्या फाइली व्हर्जन कंट्रोलमध्ये चढल्या. प्रत्येक नोंदीला नाव लागतं आणि कारण लागतं. एवढे दिवस ती लिहीत होती म्हणून सगळीकडे तिचंच नाव येत होतं. तिने ते एकेक करून बदललं आणि तिथे मास्तरांचं नाव घातलं. स्वतःच्या नावाने एकच नोंद ठेवली, सगळ्यांत पहिली: 'कोरणीच्या चारशे बारा फाइली मी पुसल्या. यंत्राने केल्यात असं समजले. मास्तरांना विचारलं नाही.' मालकीणबाई म्हणाल्या, हे कशाला कायमचं लिहून ठेवतेस, नवी मुलगी वाचेल. ती म्हणाली, "तिच्यासाठीच लिहिलंय."

मास्तरांनी ती नोंद वाचली. म्हणाले, "मला एक स्वतः चढवायचंय. शिकवा." तिने शिकवलं. ते एका बोटाने टकटक करत बसले आणि तिला म्हणाले, "तुम्ही जरा चहा सांगा. हा शेवटचा." या वेळी तो खरंच शेवटचा होता. चहा झाला, मास्तर सगळ्यांना नमस्कार करून जिना उतरले, आणि ते वळणावर दिसेनासे होईतो चाळणी खिडकीतून बघत राहिली.

मग ती टेबलाशी आली. टेबलाखाली एक डबा होता. त्यात साधे, काळे, नवे बूट. पडद्यावर चारशे तेरावी फाइल होती. पायाचा स्कॅन नव्हता. माप तिच्या जुन्या चपलांवरून घेतलेलं होतं, ज्या ती रोज दाराशी काढून ठेवायची.

तिने खुर्ची ओढली आणि बसली. कारणाच्या जागी मास्तरांनी लिहिलं होतं: 'अकरा वर्षं उभ्याने काम. डावी टाच दुखते, कुणाला सांगत नाहीत. आतून आधार दिलाय. ताईंना विचारलं नाही.'